नुसतं बोलून दारू सुटते का? जे स्वतः गेलेत किंवा ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी सांगा

धाकटा_कोरेगाव

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही घरातल्या दुखण्यावर.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. मी साताऱ्यात नोकरीला, थोरला भाऊ गावी शेती बघतो. दोन एकर आलं, बाकी ऊस. दादा आता ४३ वर्षांचा आहे. आधी लग्नात, यात्रेत घ्यायचा. आल्याचा दर पडला त्या साली रोजची झाली. आता सकाळी चहाच्या आधी घ्यावी लागते, नाहीतर हात थरथरतात, कप धरता येत नाही. वहिनी दोनदा माहेरी जाऊन आली. पुतणी दहावीला आहे, ती बापाशी बोलत नाही.

देवापुढं शपथ घालून झाली, सात दिवस टिकली. त्या सात दिवसांत एकदा त्याला फिट आली होती. एका केंद्रात महिनाभर ठेवलं, नाव सांगत नाही. तिथं मारायचे असं तो घरी आल्यावर म्हणाला, आणि आल्या दिवशी संध्याकाळीच प्याला. आता एकजण दारू सुटायच्या औषधाची पुडी देतो म्हणतोय, चहातून न कळत द्यायची.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या मॅडमनी एका समुपदेशकांचा नंबर दिला. फोन केला तर ते म्हणाले, "आधी तुम्ही आणि वहिनी या. ते यायला तयार नसले तरी चालेल." हे काही मला कळेना. पिणारा तो, आणि बोलायला आम्ही जायचं? आई बोलून बोलून थकली. मी बोललो, त्याचे सासरे बोलले, सरपंच बोलले. त्यात आणखी एक माणूस बोलला तर काय फरक पडणार? टोमणा मारत नाही, खरंच विचारतोय.

शाहूपुरीकर

बाकीचं नंतर. पुडी देऊ नका. कुणीही कितीही खात्री दिली तरी देऊ नका.

मात्रा_आणि_वेळ

शाहूपुरीकरांना जोरदार अनुमोदन. मी औषधांच्या दुकानात २२ वर्षं काढलीत. अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिरम असतं. दारू शरीरात मोडताना मधल्या टप्प्यावर ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते पुढं मोडणारं एन्झाइम हे औषध अडवून धरतं. मग त्यावर दारू प्याली की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब पडतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर हे औषध देतात, पण तपासण्या करून, आणि पेशंटला सगळं समजावून त्याच्या संमतीनं. आपण काय घेतलंय हे ज्याला माहीतच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा क्वार्टर मारणार आणि तुम्ही मध्यरात्री गाडी शोधत फिरणार.

पाटणचा_वारकरी

आमच्या वडिलांनी ३८ व्या वर्षी पंढरीला जाऊन माळ घातली. त्या दिवसापासून मरेपर्यंत थेंबाला शिवले नाहीत. ना डॉक्टर, ना समुपदेशक. माणसाच्या मनात असलं की सुटते, नसलं तर ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. राग मानू नका, पण पैसे देऊन गप्पा मारायचं हे खूळ शहरातलं आहे.

तंबोरा_मिरज

पाटणकर दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार. माझ्या सासऱ्यांनीही माळ घातली होती आणि ती ११ वर्षं टिकली. मग दिराच्या अपघाताच्या रात्री तुटली. त्यानंतर ते दिंडीतल्या माणसांना बघून रस्ता बदलायचे. परत माळ घालायला त्यांना तोंडच राहिलं नाही असं वाटायचं. भजनी मंडळातल्या कुणी दोष दिला नव्हता, त्यांनी स्वतःच स्वतःला वाळीत टाकलं. त्यातच गेले.

म्हणून नवऱ्याच्या वेळी मी वाट बघितली नाही. माझी गोष्ट जरा लांबते, रात्री लिहिते.

ऐकणारी

मी १४ वर्षं व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचं काम करते, सांगली आणि सातारा दोन्हीकडे केलंय. धाकटे, तुमच्या पोस्टमधल्या दोन ओळींवर आधी बोलते, त्या तातडीच्या आहेत.

सकाळी हात थरथरतात, आणि दारू बंद केल्यावर फिट आली. म्हणजे आता त्यांच्या शरीरालाच दारूची सवय लागली आहे. अशा माणसानं घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात माणसं दगावतात. त्यामुळं पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. ते हा काळ औषधांनी पार पाडून देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सांगलीलाही सिव्हिलमध्ये आहे. पुढच्या वेळी शपथ घालायला जाल तेव्हा त्या सात दिवसांतली फिट आठवा.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही, आई, सासरे, सरपंच, सगळे दादांना सांगत होतात. दादांनी तुम्हाला काय सांगितलं? त्यांची बाजू तुमच्या पोस्टमध्ये दोनच वाक्यांत आहे, हात थरथरतात आणि केंद्रात मारलं. पिणाऱ्याच्या मनात कायम दोन माणसं भांडत असतात, एक सोड म्हणतो, एक राहू दे म्हणतो. बाहेरून आपण 'सोड, सोड' लावलं की सोडणाऱ्याची बाजू आपण घेतो, आणि त्याला 'राहू दे'ची बाजू लढवायला उरते. दर वेळी भांडून तीच बाजू पक्की होते. समुपदेशकानं बोलायचं कमी असतं. त्या माणसाच्या तोंडून त्याचंच सोडायचं कारण बाहेर यावं अशी वाट करून द्यायची असते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. आम्ही सगळे आज थोड्याफार फरकानं तीच वापरतो.

आणि तुम्हाला दोघांना का बोलावलं, ते तंबोराताई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील असं वाटतंय.

निवृत्त_हवालदार

धाकटे, मी पिणारा होतो. त्या बाजूनं सांगतो.

पलटणीत १७ वर्षं काढून घरी आलो. पेन्शन चालू, कँटीनचा कोटा चालू, आणि दिवसभर हाताला काम नाही. आमच्याकडं घरटी एक फौजी, त्यामुळं रम घेण्याला व्यसन कुणी म्हणतच नव्हतं. एकदा बायकोनं बाटल्या लपवल्या म्हणून तिच्यावर हात उचलला. ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

मुलानं समुपदेशकांकडं नेलं. मी भाषण ऐकायची तयारी करून बसलो होतो, अंगात रग होतीच. त्यांनी दारू सोडा असं म्हटलंच नाही. विचारलं, "दारूनं तुम्हाला काय दिलं?" मला वाटलं फिरकी घेतायत. पण त्यांनी खरंच लिहून घेतलं. झोप लागते. गुडघा दुखायचा थांबतो. सोबतचे दोघं गेले ते आठवत नाहीत. मग त्याच कागदाची दुसरी बाजू माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, काय नेलं ते तुम्ही घरी लिहून आणा. त्याला मला चार दिवस लागले. सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी गावात माझी केलेली चौकशी, नातवाला माझ्याकडं न देता सुनेनं आत नेलेलं, सगळं लिहिलं. सरपंचानं सांगितलं असतं तर मी त्याचं गचांडं धरलं असतं. हे माझ्याच अक्षरात होतं, कुणाशी भांडू?

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "संध्याकाळी सात ते नऊ काय करणार?" मला उत्तर येईना. तीन आठवडे उत्तर आलं नाही. माझं सगळं पिणं त्या दोन तासांतलं होतं. शेवटी गावच्या डेअरीत संध्याकाळच्या दुधाचं माप लिहायला बसायला लागलो. पगार नगण्य. पण सात वाजता किटल्या घेऊन माणसं दारात उभी असतात, मला जावंच लागतं. येत्या दिवाळीला सहा वर्षं होतील.

कंदी_पेढा

हवालदार, सलाम. दोन वेळा वाचलं.

स्पष्ट_बोलू_का

अनुभव छान आहेत, पण एकेका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. ज्यांची सुटली तेच इथं लिहिणार. पुराव्यानं सांगा, नुसत्या बोलण्यानं किती जणांची सुटते?

आकडेमोड

रास्त प्रश्न. आपल्या शेजारी गोव्यातच याचा नीट अभ्यास झाला आहे, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, त्रास होईल इतकं पिणारे पुरुष घेतले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं. तीन महिन्यांनी विचारलं, मागच्या १४ दिवसांत एकदाही प्यालात का? अजिबात न प्यालेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८.

स्पष्ट_बोलू_का

म्हणजे ५८ टक्के प्यालेच की.

आकडेमोड

हो, प्याले. चार बैठकांत निम्म्याहून जास्त लोकांवर तेवढा परिणाम झाला नाही हे खरंच आहे. पण दुसऱ्या गटात ८२ प्याले. शंभर घरांमागं चोवीस घरांचा फरक मला लहान वाटत नाही. आणखी एक सांगायला हवं, ज्यांचं शरीर दारूवर पूर्ण अवलंबून झालंय अशा लोकांवरचा हा अभ्यास नव्हता. धाकट्यांच्या दादांना ऐकणारीताई म्हणतात तसं आधी औषधोपचार लागणार.

स्पष्ट_बोलू_का

हे पटलं. धन्यवाद.

तंबोरा_मिरज

रात्री लिहिते म्हटलं होतं, दोन रात्री गेल्या.

मी पहिल्यांदा एकटीच गेले. नवरा येणार नाही म्हणाला होता. सांगलीला विश्रामबागेत एक बाई बसायच्या, त्यांच्याकडं. मी नवऱ्याचं सगळं पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही शेवटचं शांत कधी झोपलात?" मला रडूच आवरेना. सात वर्षांत मला कुणी माझ्याबद्दल विचारलं नव्हतं.

मग कळलं की मी काय काय करत होते. तो कामावर गेला नाही की साहेबांना फोन करून ताप आहे सांगायचं. गुत्त्याची उधारी भागवायची. रात्री ओकला तर सकाळी तो उठायच्या आत सगळं पुसून ठेवायचं, सासूबाईंना दिसू नये म्हणून. त्याच्या पिण्याचा सगळा भार मीच झेलत होते, त्याला काहीच दिसत नव्हतं. हे चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, यातलं एक काय थांबवता येईल? मी साहेबांना फोन करणं थांबवलं. फक्त तेवढंच. तीन आठवड्यांत साहेबांनी त्याला बोलावून समज दिली, आणि त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "तुझ्या त्या बाईंकडं एकदा येतो."

१४ महिने थेंब नाही. मग २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेचं पाणी घरात आलं. आम्ही शाळेत, वर्गाच्या फरशीवर. मशीन गेलं, पोरांची पुस्तकं गेली. नवव्या दिवशी तो पिऊन आला. मला वाटलं संपलं सगळं. चिखल काढतानाच बाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "१४ महिने कुठं गेलेले नाहीत. त्यांना उद्या घेऊन या." तो मान खाली घालून बसला होता. बाईंनी विचारलं, त्या दिवशी काय काय झालं ते सकाळपासून सांगा. घंटाभर एकेक गोष्ट काढली. उपाशी होता, झोप नव्हती, पंचनाम्याच्या रांगेत कुणाशी भांडण झालं होतं, आणि मी पोरांना घेऊन माहेरी गेले होते म्हणून एकटा होता. भूक, राग, एकटेपणा, थकवा. चारही एका दिवसात. त्या दिवसापासून आमच्या फ्रीजवर हे चार शब्द लिहिलेत. यातले दोन जमले की तो मला सांगतो, मी त्याला सांगते.

सासऱ्यांना हे कुणी सांगितलं नाही, पडलास तरी परत ये म्हणून.

पाटणचा_वारकरी

ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. माझे वडील माळेनं सुटले हे खरं, पण आज विचार केला तर त्यांना दर एकादशीला, दर गुरुवारी बोलावणारी वीस माणसं होती. ती नसती तर काय झालं असतं, सांगता येत नाही. खूळ हा शब्द मागं घेतो.

जावळीची_लेक

जरा अवांतर. मुळावरच घाव घाला ना. आमच्या जावळीत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानं बंद झाली. निम्म्याहून जास्त बायकांनी मत दिलं की होतं.

शाहूपुरीकर

जावळीच्या बायकांना मानायलाच पाहिजे, तुम्ही नव्यानं पिणारी कित्येक पोरं वाचवली असतील. पण ज्याचे हात सकाळी थरथरतात तो गाडीला किक मारून शेजारच्या तालुक्यात जातो. दोन्ही लागतं.

मिसरीवाली_आत्या

पुरुषांच्या दारूवर एवढं बोलताय, आमच्या मिसरीचं कोण काढणार? माझी सकाळ मिसरीशिवाय व्हायची नाही, ३० वर्षं. तोंडात पांढरा डाग दिसला तेव्हा नातीनं १८००-११-२३५६ ला फोन लावून दिला, तंबाखू सोडायची सरकारी लाइन आहे. पहिल्यांदा लाजले. मग ते परत परत फोन करून विचारायचे, आज किती वेळा लावली? दात घासताना बोट डब्याकडं जायचं, म्हणून त्यांनी डबा गोठ्यात ठेवायला सांगितला. तिथवर थंडीत जायचा कंटाळा यायला लागला. हसू नका, अशीच कमी झाली.

कंदी_पेढा

आत्या, गोठ्याची युक्ती माझ्या आईला आजच सांगतो!

खटावचा_पोरगा

विषय दारूचा आहे, पण मला लिहायचंय. मी कधी प्यालो नाही. चार वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा. दोनदा दोन-तीन मार्कांनी गेली. तिसऱ्यांदा फॉर्म भरलाच नाही, घरी भरला सांगितलं. दिवसभर पलंगावर. जेवायला मेसपर्यंत जायचं म्हणजे डोंगर चढल्यासारखं. मरावंसं वाटायला लागलं.

रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी थेट विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" एवढं सरळ विचारल्यावर उलट हलकं वाटलं. त्यांनी खोलीतल्या मित्राला उठवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं जायचं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

पुढं गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही. समुपदेशक एक वही करायला लावायचे. दिवसभरात मनात आलेलं वाक्य लिहायचं, समोर त्याचा पुरावा लिहायचा. मी लिहिलं, "मी घरावर ओझं आहे." समोर पुरावा लिहिताना आठवलं की आई दर रविवारी फोनवर फक्त जेवलास का एवढंच विचारते, निकाल कधीच विचारत नाही. वहीत रिकामी जागा राहिली. आता गावी आहे, अभ्यासिकेत लहान पोरांना गणित शिकवतो.

आबांना अजून वाटतं की मला बाहेरचं काहीतरी झालं होतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. गोळ्यांच्या वेळेला पाण्याचा तांब्या मात्र तेच आणून देतात.

ऐकणारी

खटावच्या पोरा, लिहिलंस ते फार बरं केलंस. परत कधी तसं वाटलं तर फोन ठेवलाय तिथंच आहे, हे लक्षात ठेव. दारू आणि उदासी पुष्कळदा एकाच घरात राहतात, म्हणून आम्ही पिणाऱ्यालाही झोपेबद्दल, मरणाच्या विचारांबद्दल विचारतोच.

नाव_नको

सगळेच समुपदेशक चांगले नसतात हेही लिहा. मी एकीकडं गेले तर मला ऐकवलं की नवऱ्याला घरात प्रेम मिळालं तर तो कशाला पिईल. दोन वर्षं परत कुठं गेले नाही.

ऐकणारी

तुमच्यावर अन्याय झाला, आणि ते समुपदेशन नव्हतं. धाग्यावर येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. जो तुम्हाला दोषी ठरवतो, शंभर टक्के खात्री देतो, किंवा तुमचं बोलणं दुसऱ्याला सांगतो, त्याच्याकडं परत जाऊ नका. केंद्रात भरती करायची असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का ते विचारा, आणि आत जाऊन बघू द्या म्हणा. मारणं, साखळीनं बांधणं या कायद्यानं गुन्हा आहे, धाकट्यांच्या दादांबरोबर झालं ते उपचार नव्हते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारातून उभी राहिलेली 'परिवर्तन' आहे, पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं 'मुक्तांगण' आहे. फोनवर विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय लाइन आहे.

धाकटा_कोरेगाव

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय. सगळ्यांचं सगळं वाचलं, वहिनीलाही वाचून दाखवलं. तंबोराताईंचं वाचताना ती उठून आत गेली.

मी आणि वहिनी गेलो. दोन बैठका आमच्याच झाल्या. वहिनीनं दुकानाची उधारी भागवणं थांबवलं. समुपदेशकांनी मला एक काम दिलं, दादाशी सकाळी बोलायचं, पिलेला असताना नाही, आणि सल्ला द्यायचा नाही. मी आल्याच्या वाफ्यावर त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "दादा, तुझी फिट बघितली तेव्हा मी घाबरलो होतो." एवढंच बोलायचं ठरवलं होतं. तो बराच वेळ माती उकरत होता. मग म्हणाला, "मला पण भ्या वाटतं."

पहिल्यांदा आला तेव्हा गेटबाहेर झाडाखालीच बसून राहिला, आत आला नाही. समुपदेशक स्वतः बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसले, पावसाबद्दल बोलले आणि परत गेले. पुढच्या वेळी आत आला. डॉक्टरांनी १० दिवस वॉर्डात ठेवलं, औषधं दिली, फिट आली नाही. आज ३१ वा दिवस.

मागच्या बैठकीत आम्ही दोघं होतो. दादानं सांगितलं की पहिला घोट आण्णा गेले त्या वर्षी घेतला होता. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. मला वाटायचं, आल्याच्या दरानं झालं. त्यानं मला शिकवलं हे मला ठाऊक होतं. त्यासाठी त्याला आयटीआय अर्ध्यात सोडावं लागलं, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी त्याला शहाणपण शिकवत होतो.

पुतणी अजून बोलत नाही. पण परवा त्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर तिनं पेनानं वार लिहिलेले दिसले.

आता एक अडचण. पुढच्या महिन्यात गावची यात्रा. पाहुणे येणार, भावकीतली पोरं ट्रॉलीमागं बाटल्या लावणार. समुपदेशकांनी 'नको' म्हणायचा सराव करून घेतलाय, मी पाजणारा आणि दादा नको म्हणणारा, असं दोनदा केलं. तरी छबिन्याच्या रात्रीची मला धास्ती वाटते.

तंबोरा_मिरज

३१! वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी त्याला उपाशी ठेवू नका, पाहुण्यांच्या पंगतीआधी जेवायला घाला.

निवृत्त_हवालदार

यात्रेला देवदर्शन सकाळीच उरकून घ्या. दुपारनंतर दादाला घेऊन आमच्याकडं या, तुमच्यापासून गाडीवर तासाभराचा रस्ता आहे. त्या दिवशी माझा जोडीदार सुट्टीवर असतो, मापाला माणूस कमीच पडतो. दादाला म्हणावं वही मी लिहीन, किटल्या तू मोज. दूध सात वाजता येतं.